दात बघून

ब्रश दाखवला, आबांनी तोंड मिटलं. बोटावर पेस्ट घेतली, बोट चावलं. बोट मनोजचं, म्हणजे त्यांच्याच मुलाचं. पण कारभारी आबांना हल्ली ते आठवत नसे. दोन दिवस पोटात चहाशिवाय काही नाही. डावा गाल सुजलेला. सून सुवर्णा पेजेची वाटी घेऊन मागे, आबा पुढे. मखमलाबादच्या त्या अंगणात तुळशीभोवती फेऱ्यांवर फेऱ्या. पेज गार.

शेवटी स्कूटर. तिरकी केली, किक मारली, आबांना मध्ये दाबून बसवलं आणि निघाले गंगापूर रोडला, दातांच्या डॉक्टरकडे.

आबा खुर्चीत बसले ते तोंडाला कुलूप लावूनच. डॉक्टर तरुण, उत्साही. "आबा, असं आ करा," म्हणत त्यांनी स्वतःच आ केला.

तिथंच चुकलं. आबांनी उभी हयात घोटीच्या बाजारात बैलांची दलाली केलेली. समोर उघडं तोंड दिसताच त्यांनी डॉक्टरांची हनुवटी पकडली, अंगठ्यानं ओठ वर केला.

"चारदाती. कोवळा हाय. औताला नाय चालायचा."

डॉक्टर सुटायला बघतात, हनुवटी सुटत नाही. आणि सुवर्णाला दिसलं: दात बघताना आबांचं स्वतःचंही तोंड उघडलं होतं. लेकराला भरवताना आईचं उघडतं, तसं.

"अहो, तुम्ही बसा तिथं," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? का म्हणून?"

"बैल म्हणून."

खुर्चीत मनोज. त्याच्या जबड्यात डोकावणारे आबा, आ वासून. बाजूनं डॉक्टरांचा चिमटा हळूच आत गेला आणि हिरडीत रुतलेलं हरभऱ्याचं फोलपट घेऊन बाहेर आला. संध्याकाळी आबांनी खिचडी मागून घेतली.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं, दात रोज घासायचे, नाहीतर पुन्हा हेच. म्हणून रोज सकाळी अंगणात मनोज पाटावर. आबा त्याचे दात घासणार, सुवर्णा आबांचे. शेजारच्या नवसाबाई कपडे वाळत घालायच्या निमित्तानं कुंपणाशी. ऑफिसला उशीर. साहेबांना कारण काय सांगणार? पंधरवड्यात मनोज रडकुंडीला आला.

"आबा, विकून टाका मला एकदाचं," तो फेसाळ तोंडानं म्हणाला.

आबांचा ब्रश थांबला. त्यांनी मनोजच्या पाठीवर थाप मारली, मानेखाली खाजवलं.

"पोरी, गिऱ्हाईक आलं तर परत पाठव," ते सुवर्णाला म्हणाले. "हा घरचा हाय."

मनोजनं गुपचूप पुन्हा आ केला.