काजळीची बस

"तवे खरडू खरडू नखं झिजली माझी," बालवाडीतली मदतनीस सखाबाई शिक्षिका शकुंतलाबाईच्या कानाशी पुटपुटली. "गोऱ्या लोकायची गोष्ट निवडली असती, तं चुन्यावर भागलं असतं."

शकुंतलाबाईने हसू दाबलं आणि काजळीत जवसाच्या तेलाची आणखी एक धार सोडली. पवनीच्या बाजारात लाल, हिरवा, गुलाबी, सगळा कागद होता. "काळा कागद कोण नेते, बाई?" म्हणून दुकानदाराने तिलाच वेड्यात काढलं होतं. शेवटी रद्दी आणि तव्याची काजळी.

बालवाडी भरायची पोलीस पाटील यादोरावांच्या ओसरीवर. तिथे दोन टाटपट्ट्या. भिंतीशी धानवाल्या शेतकऱ्यांची मुलं बसत, दाराशी तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवरांची. असं का, हे गावात कोणी विचारत नसे. परक्याने विचारलंच, तर यादोराव सांगत, "दारापाशी हवा चांगली लागते." शकुंतलाबाईला ती हवा रोज टोचायची. पण ओसरी पाटलांची. त्यांनी उद्या काढून घेतली, तर मुलांना बसवायचं कुठे? तेव्हा तीसुद्धा हवेचं कौतुक करून गप्प बसे.

मग भंडाऱ्याच्या प्रशिक्षण शिबिरात तिला ही गोष्ट सापडली. अमेरिकेत काळ्या माणसाने बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायची, असा कायदा होता. एक दिवस शिवणकाम करणारी एक काळी बाई उठलीच नाही. पोलिसांनी तिला धरून नेलं. मग शहरातले सगळे काळे लोक वर्षभर पायी चालले, पण बसमध्ये चढले नाहीत, आणि कायद्यालाच उतरावं लागलं. ही सांगायला काय हरकत होती? अमेरिका काही पवनी तालुक्यात येत नाही.

मुलांनी कागदाला घड्या घातल्या, कातरून उघडल्या, तर हातात हात घातलेल्या माणसांची रांग निघाली. रांगेला काजळी फासली. खोक्याची बस झाली, उरलेल्या रद्दीच्या टोप्या झाल्या आणि त्या कपाळावर घसरल्या. तोवर कोणाचं नाक वाहिलं, कोणाला घाम आला, कोणाच्या डोळ्यात केस गेला. पुसणारे हात तेच काजळीचे, त्यामुळे सगळी तोंडं काळी झाली. बालवाडी तपासायला मुख्यसेविका येणार म्हणून पाटलांनी सगळ्यांना सारखे पांढरे सदरे शिवून दिले होते, त्यांची तर दशाच झाली.

"पुसून काढा न लवकर!" शकुंतलाबाई घाबरली.

"तेल घालून कालवलं कोनं?" सखाबाई म्हणाली. "आता पुसलं तं पसरते."

मुलांना गप्प बसवावं म्हणून शकुंतलाबाईने खेळ काढला. भिंतीकडची पट्टी म्हणजे बस. "सांगा, गोरा साहेब कोण होणार?"

कोणीच होईना. उठायला लावून हरणारा साहेब कोणाला व्हायचं होतं?

"मी काळी बाई!"

"तू काल लंगडीत राज्य घेतलंस, आज मी!"

बघता बघता साऱ्याच काळ्या बाया बसमध्ये दाटून बसल्या. दाराकडची पट्टी रिकामी. नेमके त्याच वेळी यादोराव मुख्यसेविकेला घेऊन आले.

भिंतीशी झालेली सरमिसळ पाहून त्यांचा चेहरा उतरला. कोण कोणाचं, काही कळेना. पाहुणीसमोर बोलता तर येत नव्हतं. त्यांनी सगळ्यांत शेंबडं दिसणारं पोरगं हेरलं. "ऊठ रे बाबू. तिकडे दारापाशी बस, हवा लागते."

"नाही उठत."

"अरे, ऊठ म्हणतो न!"

"पोलिसाले बोलवा!" पोरगं ताठ झालं.

मुख्यसेविका खुदकन हसली. गावचे पोलीस तर पाटीलच. त्यांनी पोराला बखोटीला धरून उचललं, दाराशी नेऊन टेकवलं आणि परत येऊन त्यातल्या त्यात नीटनेटकं एक पोर मांडीवर घेतलं. "हा आमचा सेवकराम. नातू. लय हुशार." पाहुणीसाठी आणलेला लाडू त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला भरवला.

शकुंतलाबाईने दोघांनाही ओळखलं होतं. मांडीवर बसून लाडू खात होता तो सखाबाईचा नातू, ढिवरांचा श्यामलाल. तिने सखाबाईकडे पाहिलं. सखाबाई छताकडे पाहत होती. आता बोललं तर पाटलांची फजिती, आणि फजितीनंतर ओसरी गेली. खरं तर दोघींनाही बोलावंसं वाटत नव्हतं.

इतक्यात पाटलीण चंद्रभागाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याच्या मांडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. दाराशी एक पोर हुंदके देत होतं. सवयीने त्यांनी पदराने त्याचं नाक पुसलं, आणि काजळीखालून ओळखीचा तीळ निघाला.

"अवो, आपल्या सेवक्याले दारापाशी काहून टाकलं?"

पाटलांनी मांडीवर पाहिलं. मांडीवरचं पोर लाडूने भरल्या तोंडाने गोड हसलं.

"उचल त्याले तिथून! आधी उचल!" यादोराव ओरडले.

"असू द्या न, पाटील," मुख्यसेविका समजावत म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात, तिथं हवा चांगली लागते."

"हवा गेली चुलीत!" यादोरावांचा आवाज चढला. "तो माझा नातू होय! दारापाशी ढिवराची पोरं बसवतो आम्ही!"