पोर्टलीशचे स्टेशनमास्तर

आमचे सबनीसकाका आयुष्यात एकदाही आयर्लंडला गेलेले नाहीत. तरीही दिवसातून निदान पाच-सात वेळा ते "आयर्लंडमध्ये असं नसतं" म्हणतात. हॅनोव्हरची ट्राम उशिरा आली, शेजाऱ्याने प्लास्टिक कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात काच टाकली, आमटीत मीठ जास्त झालं, प्रत्येक वेळी हेच वाक्य. ट्रामचं एक वेळ समजू शकतो. आयर्लंडमधल्या आमटीची माहिती त्यांना कुठून मिळाली, हे त्यांना विचारायची माझी छाती नाही.

छाती नाही, कारण उपकार आहेत. मी चोपड्याचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि विमानात बसलेलाही पहिलाच. या गावात उतरलो तेव्हा मला जर्मन भाषेतले फक्त आकडे येत होते. काका तेव्हा आमच्या कंपनीत ब्रेक विभागात होते. त्यांनी मला आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवायला, नेलं, खोली मिळवून दिली, हिवाळ्याचा कोट कसा निवडायचा ते शिकवलं. वर म्हणाले, "आभार मानू नकोस. शनिवारी घरी ये, एक काम आहे."

ते काम अजून संपलेलं नाही.

काकांच्या घरात एक खोली आहे. त्यांची मुलगी अनघा लग्न करून आयर्लंडला गेली, त्याआधी ती खोली तिची होती. तिचा पलंग जागेवरच आहे. त्यावर एक भली मोठी फळी आहे आणि फळीवर पोर्टलीश नावाचं आयरिश स्टेशन आहे. इमारत, दोन फलाट, रूळ, मागे शेतं आणि दलदल. सगळं शहात्तर पटींनी लहान. पाहुणे आले की काका म्हणतात, "या, आयर्लंड दाखवतो," आणि नीलाकाकू म्हणतात, "चपला काढा, आयर्लंड पलंगावर आहे."

पहिल्या शनिवारी मी अगदी साधा प्रश्न विचारला होता. म्हटलं, "काका, दुकानात तयार रूळ मिळतात की."

त्यांनी चष्मा काढला. "दुकानातल्या रुळांची रुंदी किती?"

"साडेसोळा मिलीमीटर."

"आणि आयर्लंडची गाडी इथल्या गाड्यांपेक्षा रुंद रुळांवर चालते. हिशेबाने एकवीस मिलीमीटर येतात. म्हणजे मी दुकानातले रूळ आणायचे, आणि आल्यागेल्याला सांगायचं की हे आयर्लंड?"

"साडेचार मिलीमीटर कोणाला दिसणार?"

"प्रश्न मिलीमीटरचा नाही," काका म्हणाले, "प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे."

तेव्हापासून मी प्रामाणिकपणाचे स्लीपर कापतो. रुळांखालची आडवी लाकडाची पट्टी, आगपेटीच्या काडीहून थोडी जाड. कापायची, घासायची, तपकिरी रंगवायची, त्यावर रूळ चिकटवायचा, मापाची पट्टी लावायची. मग काका भिंगातून बघणार, "गेनाऊ", म्हणजे अगदी अचूक, म्हणणार, आणि आठवड्याभराने तेच उखडणार.

रुळांच्या बाबतीत इतके कडक असलेले काका निसर्गाच्या बाबतीत मात्र घरचा माल वापरतात. आयर्लंडच्या शेतांना झुडपांचं कुंपण असतं. दुकानातली झुडपं त्यांना फार जर्मन वाटली. म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण त्यांनी काकूंच्या डब्यातली कसुरी मेथी आणून डिंकावर पेरली आणि खरंच, दुरून आयर्लंड दिसायला लागलं. वासावरून मात्र पंजाब. दलदलीसाठी चहाचा चोथा वाळवला. त्या काळात त्यांच्या घरी गेलं की चहा प्यावाच लागायचा, कारण दलदल अपुरी होती. तारांचे खांब उदबत्तीच्या काड्यांचे. रुळांखालची खडी म्हणजे करडी रांगोळी, कणकेच्या चाळणीतून चाळलेली. त्यानंतर काकूंनी चाळणी दोनदा धुतली, तरी एका दिवाळीत चकल्यांना थोडी कचकच होतीच.

"भारतातून येणाऱ्याला लोक लोणचं आणायला सांगतात," काकू म्हणाल्या, "आमच्याकडे रांगोळी मागवतात. आणि ती दारात पडत नाही."

गवताची वेगळीच तऱ्हा. गवत उभं राहावं म्हणून एक विजेचं यंत्र असतं, चहाच्या गाळणीसारखं. त्याची एक तार जमिनीत खोचलेल्या खिळ्याला लावायची आणि गाळणीतून गवताचे तंतू हलवून पाडायचे. तो खिळा धरायचं काम माझ्याकडे होतं. काका म्हणाले होते, "जरासं मुंग्या आल्यासारखं होईल." पहिल्याच झटक्यात शेतातलं गवत उभं राहिलं, त्याबरोबर माझ्या हातावरचे केसही. काकांनी दोन्हींची तुलना केली आणि म्हणाले, "शेतातलं जरा तिरकं आलंय. पुन्हा धर."

असा काटेकोर माणूस एका ठिकाणी घसरला. स्टेशनच्या नावाची पाटी त्यांनी पिवळी केली, काळ्या अक्षरांत, आणि वर चक्क देवनागरीत नाव लिहिलं. खाली आयरिश, त्याखाली इंग्रजी.

मी म्हटलं, "काका, आयर्लंडमध्ये असं नसतं."

हे वाक्य त्यांच्यावर उलटण्याची ही पहिलीच वेळ. काका म्हणाले, "तीन भाषांत नाव असल्याशिवाय मला ते स्टेशन वाटत नाही रे. नुसता बसस्टॉप वाटतो."

त्यातून देवनागरी नाव त्यांनी स्पेलिंगवरून लिहिलं होतं: पोर्टलाओइसे. काकूंनी वाचलं आणि विचारलं, "हे स्टेशन आहे का इटालियन हॉटेल?" खरा उच्चार पोर्टलीश आहे हे अनघाने फोनवर सांगितलं. ती त्याच गावात राहते. त्या दिवशी ती फोनवर खूप हसली, आणि काका नंतर दिवसभर खुशीत होते. चूक निघाल्यावर खूश झालेले काका मी तेव्हा प्रथम पाहिले.

अनघाचा फोन रविवारी सकाळी. रविवारी जर्मनीत आवाज करायला बंदी, म्हणजे करवत चालवायची नाही, खिळा ठोकायचा नाही, त्यामुळे तो दिवस फोनला मोकळा. काका मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते. इथे वाढलेल्या मुलांचं तसंच असतं. पण काकांचे प्रश्न ऐकण्यासारखे.

"फलाटावरच्या बाकाला पट्ट्या किती?"

"दिव्याच्या खांबाला गंज आहे का? कुठल्या बाजूने?"

तब्येत कशी, जावई कसा, नोकरी कशी, यातलं काही नाही. अनघा बिचारी थंडीवाऱ्यात स्टेशनवर जाऊन पट्ट्या मोजायची.

इकडे आमच्या हॅनोव्हरच्या रेल्वे मॉडेल मंडळाचे अध्यक्ष ब्रिंकमान यांचा धीर सुटत चालला होता. मंडळाचं प्रदर्शन दर शरद ऋतूत भरतं. काका दर वर्षी टेबल मागायचे आणि ऐन वेळी रूळ उखडून बसायचे. त्या फलाटात आजवर एकही गाडी आलेली नव्हती. ब्रिंकमान एकदा स्वतः घरी आले, भिंगातून सगळं पाहिलं, मेथीपाशी दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "आल्झो, हेर सबनीस, असं काम मी पाहिलेलं नाही. पण या वर्षी आला नाहीत, तर टेबल कायमचं दुसऱ्याला." मी मध्ये पडलो. म्हटलं, मी जबाबदारी घेतो, फळी मी स्वतः गाडीतून आणतो.

जबाबदारी घेतल्यामुळे पुढच्या एका रविवारी मी काकांच्या घरी होतो. इमारत पूर्ण झाली होती. छपरावरची धुराडीसुद्धा लागली होती, आदल्या दिवशी मीच ती चिमट्यात धरून बसलो होतो. फोन वाजला. काकांनी एक बोट धुराड्यावर ठेवलं, दुसरं पुढच्या धुराड्यावर, आणि विचारलं, "अनघा, छपरावर धुराडी किती आहेत गं? जरा जाऊन बघून सांगशील?"

मी स्वयंपाकघरात गेलो. "काकू, धुराडी तर झालीत."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. "ठाऊक आहे मला."

"मग विचारतात कशाला?"

"तिच्या लग्नाला हे गेले नाहीत. म्हणाले, ऑफिसात काम आहे. मी एकटी गेले." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "नंतर दोघांना एकमेकांशी बोलायचं तर होतं. पण सुरुवात कुठून करणार? मग एकदा यांनी तिला तिथल्या स्टेशनचा फोटो मागितला. आता तूच सांग, स्टेशन पुरं झालं तर रविवारी हे बोलतील काय?"

इतके दिवस मी वैतागून म्हणत होतो की काकांना काही पुरं करताच येत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मी काकांच्या मागे घाई लावली नाही. टेबल गेलं तर गेलं, ब्रिंकमानची बोलणी मी खाईन, असं मनाशी ठरवलं होतं. पण त्या आठवड्यात काकांनी काही उखडलं नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित काकूंनी काही सांगितलं असेल. किंवा माझ्या तोंडाकडे बघून त्यांना दया आली असेल.

प्रदर्शन रविवारी दुपारपासून होतं. मी सकाळीच गाडी घेऊन गेलो. काका नवा शर्ट घालून पलंगाशेजारी उभे होते. फोन आला तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण हातात फळीचं टोक होतं.

"अनघा, स्टेशन झालं."

"फेर्टिश?" ती म्हणाली.

"हो. पुरं झालं. आता तुला सारखं तिकडे जायला नको. थंडीही पडायला लागली असेल."

दाराशी काकू हात पुसत उभ्या होत्या.

"बाबा," अनघा म्हणाली, आणि मग पुढचं जर्मनमध्ये, जरा घाईने, "पण ते मांजर?"

"कुठलं मांजर?"

"फलाटावर हल्ली एक मांजर येतं. बसलेलं असतं. ते नको का तुमच्या स्टेशनवर?"

काकांनी फळीचं टोक हळूच पलंगावर टेकवलं. "हवं की. कुठल्या रंगाचं आहे?"

"रंग मी नीट पाहिला नाही. पुढच्या रविवारी बघून सांगते."

"आणि शेपटी? वर असते का खाली?"

"तेही बघते."

"सावकाश बघ," काका म्हणाले. "मला घाई नाही."

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उचल रे. मांजर मागाहून बसवता येतं."