नको म्हणणारं अस्वल

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, बाळांनो, आणि मग ते तिथं राहीनासं झालं, कारण ते परदेशी गेलं. हल्ली जंगलातली सगळी हुशार जनावरं परदेशी जातात. मागं उरतो आपण, गोष्टी सांगणारे आणि ऐकणारे.

अस्वलाचं नाव वामन. नावावर जाऊ नका, अंगानं चांगला दांडगा होता.

वामन ज्या जंगलात गेला तिथं कडाक्याची थंडी. तिथल्या मधाच्या खात्यात त्याला नोकरी लागली होती. मध काढायचा नाही, चाखायचाही नाही. कुठल्या झाडावर किती मध आहे, याचे तक्ते करायचे. अस्वलाला मधाचे तक्ते करायला बसवलं की त्याला तिकडं प्रगती म्हणतात.

पगार बरा होता. पण वामनला मित्र नव्हता. तिथली जनावरं फार सभ्य. समोर आली की हसायची आणि पुढं जायची. संध्याकाळी वामन खोलीत बसून स्वतःशीच मोठ्यानं बोलायचा, नुसता कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून. कोण हसलं रे तिकडं? तुम्हाला अजून एकटं राहावं लागलेलं नाही, म्हणून दात निघतात.

एका शुक्रवारी शेजारच्या टेबलावरचा लार्स त्याच्याकडं आला. लार्स म्हणजे रेनडिअर, थंडीतलं मोठ्या शिंगांचं हरीण.

"उद्या-परवा सुट्टी," लार्स म्हणाला. "मी आणि हेल्गा तळ्याकाठच्या लाकडी घरात जातोय. मजा करायला. येतोस?"

नशीब, वामनच्या तोंडात घास होता. त्यानं नुसती मान हलवली. तोंड रिकामं असतं तर "नको, उगाच तुम्हाला त्रास" म्हणाला असता आणि आपली गोष्ट इथंच आटोपली असती.

त्या रात्री वामनला आनंदानं झोप लागली नाही. सकाळीही पोटात काही गेलं नाही. मित्रांबरोबर सहल म्हणजे काय थोडं असतं?

तळ्यावर पोचले तर सगळं पांढरंफेक. तळंसुद्धा गोठलेलं. घरात हेल्गा आधीच येऊन बसली होती. हेल्गा ही पाणमांजरी, स्वभावानं गोड. तिनं टेबलावर भाजलेले मासे, जाड पाव आणि निळी रानफळं मांडली होती.

"घेणार?" तिनं विचारलं.

"नको नको," वामन म्हणाला. "निघताना खाऊनच आलोय."

"बरं," हेल्गा म्हणाली आणि मासे आत ठेवून आली.

वामन खिडकीतून बाहेर बघत दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहू लागला. कुणी विचारलंच नाही.

आता यात वामनची चूक नाही हं. त्याच्या आईनं त्याला लहानपणापासून बजावलं होतं, "परक्या घरी पहिल्यांदा विचारलं की हात पुढं करायचा नाही. नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायचं, तुम्ही एवढं म्हणताय तर अर्धं द्या." त्याच्या जंगलात हे अगदी वाघसुद्धा पाळायचा.

पण या जंगलाची रीत उलटी. कुणी नको म्हणाला की विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडा ठरवणं. भल्या घरातली जनावरं असं करत नाहीत.

दुपारी तिघं टेकडी चढले. वर पोचल्यावर लार्सनं पिशवीतून मधाचं पोळं काढलं. वासानं वामनच्या तोंडाला पाणी सुटलं.

"देऊ?" लार्सनं विचारलं.

"छे, नको. तुम्ही खा."

त्यांनी खाल्लं. बोटं, खुरं, सगळं चाटूनपुसून खाल्लं. वामन दूरचे डोंगर बघत उभा राहिला आणि किती सुंदर देखावा आहे म्हणत राहिला. "थकलास का?" हेल्गानं विचारलं. "अजिबात नाही," वामन म्हणाला. म्हणून त्यांनी त्याला आणखी एक टेकडी चढवली.

संध्याकाळी शेकोटी पेटली. मासे पुन्हा बाहेर आले. आता मात्र पहिल्यांदाच हो म्हणायचं, असं वामननं मनाशी पक्कं केलं होतं. हेल्गानं "घेणार?" म्हटलं, वामननं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "नको." सवय हो. जिभेला हाड नसतं, पण संस्कार असतात.

लार्सनं हातातली ताटली खाली ठेवली.

"वामन, आपण उद्या पहाटेच परत जाऊ," तो म्हणाला. "आमचं खाणं तुला आवडत नाही. बोलतही नाहीस फारसा. आम्ही उगाच तुला ओढून आणलं. यापुढं नाही त्रास देणार."

हे तो अगदी मनापासून, माया करून बोलला. म्हणून तर ते वामनला जास्तच लागलं. एवढ्या दिवसांनी कुणी आपलं म्हणून बोलावलं होतं, आणि तेही आता सुटायला लागलं. त्याला रडूच फुटलं. एवढं थोरलं अस्वल, पण हमसून हमसून रडलं.

"मला भूक लागलीय," तो म्हणाला. "सकाळपासून लागलीय."

लार्सनं विचारलं, "मग नको का म्हणत होतास?"

"तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून."

मग वामननं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडं नको म्हणजे हो?" हेल्गानं विचारलं.

"मनात हो असतं, पण तसं म्हणायचं नसतं. तुम्ही आग्रह करायचा."

"आणि तरी पाहुणा नको म्हणाला तर?"

"तीनदा विचारून झालं की वाढूनच टाकायचं. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, आपण हाताखालून वाढायचं. त्याशिवाय पाहुण्याला प्रेम कसं कळणार?"

हेल्गाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती सुंदर रीत आहे, असं ती दोनदा म्हणाली. मग त्यांनी वामनला मासे तीनदा विचारले, पाव तीनदा विचारला, उरलेलं पोळं तीनदा विचारलं. वामननं सगळं फस्त केलं. त्या रात्री तो इतका सुखात झोपला की त्याच्या घोरण्यानं छपरावरचा बर्फ घसरून खाली पडला.

इथं थांबलो असतो तर गोष्ट शाळेच्या पुस्तकात गेली असती. पण रविवार उरलाय.

त्या जंगलात रविवारची खास मजा असते. लाकडी खोलीत निखाऱ्यांपाशी घामाघूम होईपर्यंत बसायचं, मग पळत तळ्यावर जायचं आणि बर्फ फोडून केलेल्या भोकातून पाण्यात उडी टाकायची. हसू नका, आवड असते एकेकाची. भोक लार्सच्या शिंगांच्या मापानं केलेलं, म्हणजे चांगलं ऐसपैस होतं.

हेल्गानं उडी मारली. लार्सनं मारली. दोघं वर आले, अंगातून वाफा निघत होत्या.

"वामन, मारतोस उडी?" लार्सनं विचारलं.

"नको," वामन म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं इतकं खरं नको म्हटलं नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि गोड हसले.

"मारतोस ना?" हेल्गानं विचारलं.

"नको. अगं, हे खरं नको आहे."

"पाहुणे असंच म्हणत असतील," हेल्गा लार्सला म्हणाली.

"मला गार पाणी सोसत नाही हो," वामन कळवळून म्हणाला.

"कारणपण दिलं," लार्स खूश होऊन म्हणाला. "काल सकाळी खाऊन आलोय म्हणाला होता, तसंच. वामन, आता तिसऱ्यांदा विचारतो. मारतोस उडी?"

वामन मागं सरला आणि त्यानं हात आडवा धरला.

"हात आडवा धरला बघ," हेल्गा गहिवरून म्हणाली.

मग दोघांनी त्याला मोठ्या प्रेमानं ढकललं. एकानं शिंगांनी, एकीनं डोक्यानं. वामन पाण्यात पडला आणि निम्मं तळं बाहेर आलं. तो जे काही ओरडला ते आईनं शिकवलेलं नव्हतं. पण वर आल्यावर अंगाला कशा मुंग्या आल्या, आणि कोण जाणे का, त्याला हसूच आवरेना. तो हसला, लार्स हसला, हेल्गा हसता हसता आडवी झाली. मित्र असणं म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

लार्सनं त्याच्या अंगावर पंचा टाकला. "आणखी एक उडी?"

"नको," वामन दात वाजवत म्हणाला.

लार्स हेल्गाकडं वळला. "आता तू विचार," तो म्हणाला. "मग पुन्हा मी विचारतो."

तात्पर्य : परक्या मुलखात मित्र जोडावेत, त्यांच्याशी खरं बोलावं, पोटभर खावं. पण आपल्या चालीरीती त्यांना नीट समजावून सांगू नयेत. ते त्या आपल्याहून मनापासून पाळतात.