जिवंत वजन

परतवाड्याच्या जीपमालक संघाने शफीकच्या इंजिन ऑइलला नाही म्हटलं नव्हतं, पण हो पण म्हटलं नव्हतं. संघाचे अध्यक्ष महादेवराव डब्यातलं तेल दोन बोटांत घोळवत म्हणाले, "वास बरा हाये. पन वासावर गाडी घाट नाई चढत."

"लॅबचा रिपोर्ट हाये ना भाऊ."

"कुठचा रिपोर्ट? थंड्या खोलीतला. आमची जीप चिखलदऱ्याले जाते. दारालेबी मानसं लटकून राह्यते. अशी टेस्ट कोनं केली हाये काय?"

शफीकने डब्याचं झाकण लावलं. नांदगाव पेठेत त्याचा तेल मिसळून डबे भरायचा लहानसा कारखाना होता. परतवाड्याच्या साऱ्या जीपा त्याचं तेल घालू लागल्या तर तो चालणार होता. नाही तर दिवाळीआधी त्याला कुलूप लावायचं, हे त्याने बायकोला, फरजानाला, सांगून ठेवलं होतं.

अशी टेस्ट कोणीच केली नव्हती, म्हणून ती बनवायचं ठरलं. काम कारखान्यातल्या केयूरकडे आलं. केयूर अमरावतीच्या एका वकिलाचा मुलगा. केमिस्ट्री शिकलेला, आणि नियम करायला बसला की जेवण विसरणारा. त्याचा नियम साधा होता. जीप तीच, ड्रायव्हर तोच, घाट तोच, वजन तेच. आधी आठवडाभर संघवाले वापरतात ते तेल घालायचं, मग आठवडाभर शफीकचं. ज्या तेलावर इंजिन कमी तापेल ते पास.

"वजनासाठी वाळूची पोती ठेवू," केयूर म्हणाला.

महादेवरावांनी मान हलवली. "पोतं वळनावर झुकत नाई, मानूस झुकते. आन् पोतं काई उलटीसाठी गाडी थांबवत नाई. मले जितं वजन पायजे."

केयूरला हे पटलं. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

रोज फुकट चिखलदरा आणि वर शफीककडून नाश्ता, एवढ्यावर दहा माणसं लगेच मिळाली. त्यांत निवृत्त शिक्षिका रमाबाई होत्या आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर पुंजाराम होते. माणसं मिळाली, पण वजन मिळेना. रमाबाई काट्यावर उभ्या राहायला तयार नव्हत्या.

"माझं वजन घरच्यांना माहीत नाही," त्या म्हणाल्या, "ते काय तेलवाल्यांना सांगू?"

शेवटी कापसाचे ट्रक मोजायच्या धर्मकाट्यावर माणसांसकट जीपच चढवली. कोणाचं किती ते कोणालाच कळलं नाही, आणि सगळ्यांचं मिळून किती ते केयूरला कळलं. सगळे खूश झाले.

पहिला आठवडा छान गेला. अजहर ड्रायव्हर महादेवरावांची जीप सावकाश वर न्यायचा, केयूर घाटमाथ्यावर तापमानाची सुई बघायचा. नाश्ता म्हणजे पोहे, असं शफीकने मनात धरलं होतं. पण चिखलदऱ्याला जाऊन रबडी सोडून पोहे खाणारा माणूस वऱ्हाडात नाही. दहाही जण रोज रबडी खात, वर खवा खात, आणि उतरताना जीपमध्ये झोपत.

दुसऱ्या आठवड्यात शफीकचं तेल घातलं आणि जीप पुन्हा धर्मकाट्यावर आली. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडीत काई लपवलं काय हो?"

केयूरने सीटखाली पाहिलं, टपावर पाहिलं. काहीच नव्हतं. मग त्याने माणसांकडे पाहिलं. पुंजाराम शर्टाचं खालचं बटण लावायची खटपट करत होते.

त्या दिवशी माथ्यावर सुई पहिल्या आठवड्यापेक्षा वर गेली. शफीकने सुईवर बोट ठेवलं. "म्हनजे त्याइच्या तेलाले बारीक मानसं, आन् माह्या तेलाले जाडी? हा कोनता न्याव झाला केयूरभाऊ?"

"वजन पहिल्याइतकं आणावं लागेल," केयूर म्हणाला. "नाहीतर टेस्ट बाद."

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्यात रबडीऐवजी काकड्या आल्या. केयूरने स्वतः कापून, मीठ न लावता आणल्या होत्या. बराच वेळ कोणी हात लावला नाही. मग पुंजाराम उठले.

"मी जिंदगीभर तिकिटं फाडले. पन पोट पाहून कोनाले सीट नाई देल्ली. तेल तुमचं हाये बाबू, पोट आमचं हाये."

"आम्ही उद्यापासून येत नाही," रमाबाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना हलवल्या. वजनच संपावर गेलं म्हटल्यावर शफीक घाईने उठला आणि रबडीच्या दुकानाकडे चालू लागला.

माणसांतून काही कमी होत नाही म्हटल्यावर केयूरने जीपमधून कमी करायला घेतलं. आधी पायाखालचे मॅट काढले, मग सीटच्या गाद्या. तरी काटा उतरेना, म्हणून टपाचा कॅरिअर काढला. शेवटी जॅक आणि स्टेपनी काढली, आणि आकडा बरोब्बर पहिल्यासारखा आला. केयूरने आनंदाने धर्मकाट्याचा फोटो काढला.

"स्टेपनी राहू द्या साहेब," अजहर म्हणाला.

"स्टेपनीची रबडी झाली असं समज," केयूर म्हणाला.

घाटाच्या मध्यावर टायर बसलं. ऊन चढलं होतं. लोखंडी सीटवर बसून दहाही जण अवघडले होते. ते उतरून रस्त्याकडेच्या दगडांवर बसले. तेवढ्यात खालून दुसरी जीप आली. रमाबाईंनी तिच्यात चढायला पाय उचलला, तर केयूर हात पसरून आडवा झाला.

"कोणी बसायचं नाही. वजन इथंच राहील."

"वजनाले लघवीले लागली हाये," पुंजाराम म्हणाले, आणि झाडामागे गेले.

वर नेटवर्क मिळाल्यावर दुसऱ्या जीपच्या ड्रायव्हरने महादेवरावांना फोन केला, आणि तासाभराने ते स्वतः चाक घेऊन आले. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. टपावर कॅरिअर नव्हता, सीटवर गाद्या नव्हत्या. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"हे माही जीप हाये का तिचा सांगाडा?"

केयूरने खरं ते सगळं सांगितलं. रबडीपासून स्टेपनीपर्यंत. ऐकता ऐकता महादेवरावांच्या मिशा हलत होत्या, पण ते हसत होते की चिडत होते ते कळत नव्हतं. शफीकला वाटलं, आता संपलं. आणि संपलंच आहे तर बोलायला काय जातं?

"भाऊ, माह्या तेलाले तुमी नापास करा," तो म्हणाला. "पन एकदा तुमचं तेलबी ह्याच मानसाइले घेऊन वर जाऊन दाखवू द्या. ह्याच पोटांसकट."

महादेवरावांनी दगडांवर बसलेल्या त्या दहा जणांकडे नीट पाहिलं. "हे बरोबर बोलला तू," ते म्हणाले.

जीपला तिचं सगळं सामान परत मिळालं. जुनं तेल घातलं, दहा जण चढले, आणि शेवटच्या वळणावर सुई लाल पट्ट्यात गेली. बोनेटमधून वाफ आली, अजहरने गाडी बाजूला घेतली. मग शफीकचं तेल घालून तीच माणसं नेली. सुई लाल पट्ट्याच्या खाली थरथरत राहिली आणि जीप थेट रबडीच्या दुकानापुढे जाऊन थांबली. दहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशात पास झालो हे त्यांना नीट कळलं नव्हतं.

महादेवरावांनी तिथंच शब्द दिला. "आजपासून साऱ्या जीपाइत तुहं तेल. पन दर नवा माल आला का हेच टेस्ट."

"हीच," केयूर भारावून म्हणाला. "जीप तीच, घाट तोच, वजन हेच. आजचं." आणि त्याने ते नियमात घालूनही टाकलं.

शफीकने कारखान्यात दोन माणसं वाढवली. दिवाळीनंतर नवा माल तयार झाला, तेव्हा तो टेस्टचं आवतण द्यायला परतवाड्याला आला. रमाबाई घरी नव्हत्या. मैदानावर गेल्यात, असं शेजारच्यांनी सांगितलं.

मैदानावर रमाबाई पांढरे बूट घालून झपाझप फेऱ्या मारत होत्या. त्यांच्यामागे पुंजाराम होते, आणि पुंजारामांच्या मागे उरलेलं सगळं वजन.

शफीक हातातला खव्याचा पुडा सावरत त्यांच्या बाजूने पळू लागला. "बाई, जरा बसता काय सावलीत?"

"डॉक्टरांनी खडसावलंय हो. साखर वाढली," रमाबाई न थांबता म्हणाल्या. "मग म्हटलं, आपण दहाही जण मिळूनच करू. सवय झाली आहे एकमेकांची."

"मी तं पट्टा दोन भोकं आत घेतला," पुंजारामांनी मागून अभिमानाने सांगितलं.

शफीक धापा टाकत थांबला. दहाही जण त्याच्यासमोरून हलक्या पावलांनी पुढच्या फेरीला गेले. खिशातला फोन वाजला. फरजाना होती.

"क्या हुआ जी? मिले टेस्टवाले लोग?"

"मिले," शफीक त्यांच्याकडे बघत म्हणाला. "लेकिन रोज थोडे थोडे कम हो रहे हैं."