सात आडवे, घरे पाच

वडील गेल्यावर त्यांचे शब्दकोडे शिल्लक साठ्यावर महिनाभर चालले आणि एक दिवस साठा संपला. संपादकांनी लेकीला सांगितले, एक कोडे तुम्ही करून बघा. वाचकांना आवडले तर सदर चालू, नाहीतर त्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात येईल.

तिने आठवडाभर खपून रोजच्या बोलण्यातल्या शब्दांचे कोडे रचले. 'दिला की माणूस सापडत नाही' म्हणजे गुंगारा. 'मारल्या तरी कुणाला लागत नाहीत' म्हणजे थापा. कोडे छापून आले, पण भलत्याच चौकटीत. पान लावणाऱ्याने सूत्रे तिची घेतली होती, चौकट मात्र वडिलांच्या शेवटच्या कोड्याची. थापांना घरे पाच, गुंगाऱ्याला दोन. हे कोडे ब्रह्मदेवालाही सुटले नसते.

ती तशीच कचेरीत धावली. पान लावणाऱ्याचे म्हणणे, चौकट ती चौकट, काळी नि पांढरी. तेवढ्यात फोन वाजू लागले. तक्रार असणार म्हणून तिने पहिला घाबरतच उचलला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चहा निवायच्या आत कोडे सोडवले होते. एका काकूंनी दात घासता घासता; शेजारी रोज त्यांच्याकडूनच उत्तरे नेतो म्हणे. पाठोपाठ शेजाऱ्याचा फोन आला. त्याच्या मते नेणाऱ्या काकू होत्या.

दुपारपर्यंत तक्रार एकही नाही. वडील असते तर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले असते. तिला मात्र त्यांची जागा अशी पदरात पडलेली नको होती. ती संपादकांच्या खोलीत गेली.

"साहेब, चूक झालीय. उद्या खुलासा छापावा लागेल."

संपादकांसमोर कोड्याचे पान होते, शाईने काठोकाठ भरलेले. "कसली चूक?"

"सात आडवे बघा. उत्तर दोन अक्षरांचं, घरं पाच."

संपादकांनी सात आडव्याची घरे बोटाने मोजली. मग त्यांनी सात आडव्यावर अलगद बशी सरकवली.

"अहो, खुलासा छापला तर एवढ्या लोकांनी तोंड कुठे लपवायचं?"

"मग सदराचं काय?"

"चालू राहील. वर वडिलांचं नावही राहू द्या." ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी घसा साफ केला. "फक्त पुढचं जरा अवघड काढा. हे फारच सोपं झालं."