बोलकी बटणं

कालिंदी नाबर मॅडमनी हेडफोन कानाला लावला, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि टॅबची कळ दाबली. नेमकी तेव्हाच अनुजा अभयच्या खुर्चीमागे येऊन कुजबुजली, "मी 'फायनल'वाली फाइल चढवलीय हां. बरोबर ना?"

अभय गर्रकन मागे वळला. "अगं, 'फायनल नवीन' चढवायची होती!"

"मग जुनीला 'फायनल' नाव कशाला दिलंस?"

अभय कालिंदी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघू लागला.

करी रोडला एका जुन्या गिरणीच्या आवारात विकास सरांचं छोटंसं ऑफिस होतं. कंपन्यांच्या नोकरदारांसाठी ऑनलाइन कोर्स तयार करायचे, हा त्यांचा धंदा. सध्याचा कोर्स एका सहकारी बँकेसाठी होता, विषय ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी. शेवटी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय बँकेत बढतीसाठी अर्ज करता येत नसे.

बँकेत दृष्टिहीन कर्मचारीही होते. ते स्क्रीन रीडर वापरायचे, म्हणजे टॅबची कळ दाबत एकेका बटणावर गेलं की पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. पण विकास सरांच्या कोर्समध्ये त्याने बोलावं असं काही नव्हतंच. "आजकाल शब्द कोण वाचतो रे? चित्रं टाक, चित्रं!" हे सरांचं धोरण. त्यामुळे प्रत्येक बटणावर नुसतं एक जांभळं चित्र, आणि स्क्रीन रीडर बिचारा प्रत्येक ठिकाणी "बटण... बटण... बटण..." एवढंच म्हणायचा. बँकेने कोर्स दोनदा परत पाठवला होता. आता तिसऱ्यांदा परत आला तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार होतं, आणि त्याच्या मागोमाग अभयची नोकरी.

उपाय सोपा होता. प्रत्येक बटणाच्या पोटात एक लेबल लिहायची सोय असते. ते पडद्यावर दिसत नाही, स्क्रीन रीडरला मात्र सापडतं. अभय लेबलं लिहायला बसला, पण सगळी बटणं इतकी सारखी होती की कुठलं काय करतं हे त्याचं त्यालाच आठवेना. म्हणून आधी त्याने स्वतःसाठी प्रत्येकाची खूण लिहून ठेवली. एकटा माणूस कंटाळला की जे लिहितो तेही त्यात लिहिलं. नंतर त्या फाइलची प्रत काढून, सरांनी सांगितल्याप्रमाणे "शॉर्ट आणि प्रोफेशनल" लेबलं टाकली. ती झाली 'फायनल नवीन'.

पहिल्या फाइलची त्याला काळजी नव्हती. लेबलं दिसणार कुणाला? दिसणार कुणालाच नव्हती. ऐकू मात्र जाणार होती, आणि ती नेमकी बँकेच्या प्रशिक्षण विभागातून आलेल्या, जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या कालिंदी मॅडमना.

मॅडमनी आणखी एकदा टॅब दाबला. भुवया वर गेल्या. मग ओठांचा कोपरा हलला.

"आवडतंय वाटतं," विकास सर खूश होऊन अभयच्या कानात म्हणाले.

"विकासजी," मॅडमनी हेडफोन जरासा सरकवला, "हा जांभळा रंग कोणी निवडला?"

"मीच, मॅडम! जांभळा म्हणजे विश्वास. बँकेला शोभतो."

"अस्सं." मॅडम परत ऐकू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि पुढे जायचा बाण कसा दिसतो हो? साधारण मुळ्यासारखा का?"

विकास सर गोंधळले. त्यांनी पडद्याकडे मान तिरकी करून पाहिलं. "म्हणजे... हो. तसा वाटतो खरा. पण तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," मॅडम म्हणाल्या.

अभयने अनुजाला ओढतच पॅसेजमध्ये नेलं. "वाट लागली! आत्ताच्या आत्ता 'फायनल नवीन' चढव."

"त्या कोर्स करतायत ना. मध्येच उडेल तो."

"उडू दे! पुढच्या पानावर मी काय लिहिलंय तुला माहीत नाय."

"काय लिहिलंयस?"

अभयने सांगितलं. अनुजाने तोंडावर हात ठेवला आणि पळत जाऊन फाइल बदलली.

आत मॅडमच्या कपाळावर आठी आली. त्यांनी टॅब दाबला, परत दाबला, परत दाबला. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याची वायरही लॅपटॉपमधून उपटली. "हे तुम्हीच ऐका आता."

लॅपटॉपचा स्पीकर सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा बोलू लागला. "बटण एक. बटण दोन. बटण तीन. बटण चार."

"वा, एकदम क्लियर!" विकास सर म्हणाले.

"विकासजी, तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि आकड्यांच्या जागी सगळीकडे नुसतं 'बटण' लिहिलेलं असलं, तर कुठल्या मजल्यावर उतराल?"

सरांनी अभयकडे पाहिलं. अभय जमिनीकडे पाहत होता.

"मघाशी चांगलं चाललं होतं," मॅडम म्हणाल्या. "बटण काय करतं ते कळत होतं. मध्येच काहीतरी बदललंत तुम्ही. पहिलं परत लावा."

"अभय, पहिलं लाव," सरांनी फर्मान सोडलं.

"सर, ते जरा..."

"मॅडम सांगतायत ना? लाव म्हणतो ना!"

"मग निदान हेडफोन तरी..." अभय पुटपुटला.

"नको," मॅडम म्हणाल्या. "तुमचे सर पण ऐकू देत की."

अनुजाने पहिली फाइल परत चढवली आणि खिडकीबाहेरचे टॉवर निरखायला सुरुवात केली. मॅडमनी थेट परीक्षेच्या पानावरचं शेवटचं बटण गाठलं. स्पीकरचा तो कोरडा, निर्विकार आवाज, बातम्या सांगाव्यात तसा बोलू लागला.

"विकास सरांच्या हट्टाचं जांभळं बटण. दाबलं की सगळी उत्तरं जमा होतात. मग कितीही रडलं तरी मागे फिरता येत नाही."

विकास सरांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू त्यांच्या आवडत्या रंगाकडे झुकू लागला.

"बघा, किती उपयोगी," मॅडम म्हणाल्या आणि एक बटण मागे आल्या.

"बँकेतल्या खडूस बाईंनी चार वेळा जागा बदलायला लावलेलं बटण. दाबलं की चुकलेला प्रश्न परत सोडवता येतो."

अभयने डोळे मिटले. आता सरळ लालबागला घरी जावं आणि आईला सांगावं की आजपासून मी घरीच, एवढंच त्याच्या मनात आलं.

"चार नाही, पाच वेळा," कालिंदी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ते ईमेल मीच पाठवत होते."

"मॅडम, सॉरी. मी... मला वाटलं नव्हतं की..."

"की कोणी ऐकेल? अहो, टॅब दाबत गेलं की ते बटण पेपर जमा करायच्या बटणानंतर यायचं. हात धुऊन झाल्यावर ताट वाढल्यासारखं. म्हणून मागे लागले होते. आता थांबा, मला पेपर सोडवू दे."

त्यांनी पेपर सोडवला. एका प्रश्नाशी अडल्या. खडूस बाईंचं बटण दाबून तो परत सोडवला. मग विकास सरांच्या हट्टाच्या बटणापाशी येऊन क्षणभर थांबल्या, आणि ते दाबलं. "अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण झालात," आवाज म्हणाला.

मॅडमची बोटं कीबोर्डवरच होती.

"मागच्या वर्षीचा पेपर आमच्या शिपायाने माऊस धरून सोडवला," त्या म्हणाल्या. "मी उत्तर सांगायची, तो त्याला पटेल तिथे क्लिक करायचा. पास झालो आम्ही. पण दोघांपैकी नक्की कोण, ते अजून कळलं नाही. आज मात्र मी पास झाले."

मग त्यांना हसू फुटलं. ते बघून अनुजा हसली आणि शेवटी विकास सरसुद्धा, आधी जरा जपूनच.

"कोर्स मंजूर," घडीची पांढरी काठी उघडत मॅडम म्हणाल्या. "विशेषणं काढा. सरांना काढा, मलाही काढा. बटण काय करतं ते मात्र आहे तस्संच राहू दे. आणि अभय, टॅक्सीपर्यंत सोडायला चला. मी तुमचा दंड धरणार, तुम्ही माझा धरायचा नाही."

अभय परत आला तेव्हा विकास सर एकटेच पडद्यासमोर बसले होते. आता आपल्याला झापणार म्हणून तो दारातच उभा राहिला.

"अभय, खरं सांग," सर म्हणाले. "जांभळा खूप वाईट दिसतो का रे?"

"खूप नाय, सर."

"हं." सरांनी मान हलवली. "जा, वडापाव सांग सगळ्यांना."

कोर्स सुरू झाल्यावर पुढच्याच आठवड्यात कालिंदी मॅडमचा फोन आला.

"अभय, आमच्याकडे गोंधळ झालाय. दृष्टिहीन स्टाफ सगळा पास. डोळस मंडळी मात्र नापास होतायत."

"का, मॅडम?"

"चित्रं कळत नाहीत त्यांना! प्रश्न परत सोडवायचा म्हणून दाबतात आणि पेपरच जमा होतो. आत्ता माझ्या टेबलाशी मॅनेजरसाहेब माझा हेडफोन लावून बसलेत. डोळे घट्ट मिटून टॅब दाबतायत."

"डोळे कशाला मिटलेत?"

"म्हणतात, उघडे ठेवले की घोटाळा होतो." मागे कुणीतरी "शू!" केलं. मॅडमनी आवाज खाली आणला. "आता बोलू नका जरा. साहेब पास होतायत."