चिमणीला पलंगपोस

"अहो, चिमणीचं तोंड बांधताय की आपलं नशीब?" मामींनी अंगणातून ओरडून विचारलं.

लॉन्ड्रीवाले मामा गच्चीवर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून चिमणीच्या तोंडात ओला पलंगपोस कोंबत होते. "तू चहा गाळतेस ना? तसा मी धूर गाळतोय. कापड काय काय अडवतं ते मला नको शिकवूस. जन्म गेला माझा कापडात!"

नव्या नियमानं धुरावर कर बसला होता. काळ्या धुराला भरमसाट, करड्याला कमी, आणि धूरच नसेल तर काहीच नाही. मामांचा कोळशाचा बॉयलर असा काळाकुट्ट धूर ओकायचा की कर भरण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावणं परवडलं असतं. गॅसचा बॉयलर घ्या म्हणून मामी केव्हापासून कानीकपाळी ओरडत होत्या. "हा माझ्या वडिलांनी बसवलाय," एवढंच मामांचं उत्तर.

थोड्याच वेळात धुराचा कर ठरवणाऱ्या खात्याच्या तपासनीस बाई आल्या. रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी मान वर केली. धुराची रेघसुद्धा नाही.

"बॉयलर चालू आहे ना?"

"हात लावून बघा, चटका बसेल!" मामांची छाती फुगली.

पण वर वाट मिळाली नाही म्हणून धूर थोडाच गप्प बसतो? तो आल्या पावली मागं फिरला आणि इस्त्रीच्या खोलीत शिरला. तिथं हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी टांगलेल्या होत्या. दार धाडकन उघडलं आणि खोकत खोकत मामी बाहेर आल्या. डोळे आणि दात तेवढे ओळखीचे होते.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"या... कोळसा भरायला असतात."

"थांबा, मीच सांगते कोण ते!" मामी कडाडल्या.

बाईंनी एकदा मामींकडे पाहिलं, एकदा चिमणीकडे. वर पलंगपोसाचं टोक फडफडत होतं. बाई गोड हसल्या. "शाब्बास! बाहेर धूर शून्य. सोमवारी बाजारातल्या सगळ्या भट्टीवाल्यांना घेऊन येते. तुमची युक्ती दाखवा त्यांना."

बाई गेल्या आणि मामांना दरदरून घाम फुटला. "आता गं काय करायचं?"

"काय म्हणजे? सगळ्यांना एकेक पलंगपोस वाटा," मामी तोंड पुसत म्हणाल्या.

मामा दोन दिवस रुसून बसले. पण अब्रू दुकानापेक्षा मोठी. रविवारच्या आत गॅसचा बॉयलर बसला आणि जुना भंगारात गेला.

पहिल्याच दिवशी गच्चीवरच्या वाळलेल्या चादरी काढताना मामा थबकले. एकाही चादरीवर काळा ठिपका नव्हता! इतकी वर्षं निम्म्या चादरी पुन्हा धुवाव्या लागत, आणि मामा साबणाला, पाण्याला, झालंच तर मामींना दोष देत. आज दुपारीच काम संपलं. मामांना चादरी उराशी धरून नाचावंसं वाटलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून ते थोडं नाचलेही.

सोमवारी बाई भट्टीवाल्यांचा घोळका घेऊन गच्चीवर आल्या. मामांनी गॅसच्या बॉयलरवर असं भाषण ठोकलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त कोपऱ्यावरचा बेकरीवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "एवढी उठाठेव कोण करणार? मी आपला कर भरून मोकळा होईन."

तेवढ्यात वारा फिरला. बेकरीच्या चिमणीतून काजळीचा एक कण तरंगत आला आणि मामांच्या शुभ्र चादरीवर अलगद बसला.

मामा पिसाळले. "मॅडम, कर फारच कमी ठेवलाय तुम्ही! दुप्पट करा, तिप्पट करा! त्याशिवाय असली माणसं सुधारायची नाहीत!"

बेकरीवाला बघतच राहिला. "अहो मामा, परवापर्यंत तुम्हीच तर या कराच्या नावानं बोटं मोडत होता!"

"तेव्हा धूर माझा होता!"